चूक कुणाची, ते बस्त्याव ठरवतो

बस्त्याव डिमेलोला बिघडलेला कम्प्युटर दाखवला, की तो आधी त्याला आणखी पाच-सहा वेळा बंद पाडतो.

नवीन माणसाला वाटतं, हा दुरुस्त करायला आलाय की जीव घ्यायला? पण त्यामागे त्याचं शास्त्र आहे. कम्प्युटर मरतो तेव्हा पडद्यावर निळा रंग येतो, त्यावर इंग्रजीत काहीतरी बारीक लिहिलेलं असतं, आणि वाचेपर्यंत ते गायब होतं. बाकीचे लोक मोबाइलवर फोटो काढतात. बस्त्याव काढत नाही. "फोटो काढला की माणूस वाचायचा थांबतो," म्हणतो. तो ते हाताने वहीत उतरवतो. एका खेपेला तीन शब्द होतात. मग मशीन परत चालू करायचं, परत मरायची वाट बघायची, पुढचे तीन शब्द घ्यायचे. घरचे लोक कपाळाला हात लावून बसतात. हा मात्र पेन उघडं धरून पडद्याकडे बघत असतो, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तसा.

आमच्या बिल्डिंगीत तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी पहिल्या. गोडदेवात ही बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून आम्ही दोघं इथे आहोत. तो मूळचा समुद्राकाठच्या उत्तनचा. सगळी उमर बोटींवरचे वायरलेस सेट आणि मासा दाखवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं, तर "टायम गेला" एवढंच सांगतो. गुडघे गेल्यावर बोटीवर चढणं बंद झालं, तेव्हा हाताला चाळा म्हणून कम्प्युटर शिकला. कुणाकडे, तर कुणाकडेच नाही. उघडून बघून.

माझं शिक्षण चौथी. चाळीस वर्षं पाण्याच्या पंपावर ऑपरेटर होतो. त्यामुळे उघडून बघून शिकणाऱ्या माणसाची मला किंमत आहे. पण बस्त्याव सहन करायला कठीण आहे, हेही सांगून ठेवतो.

कारण त्याची वही. बोटीवर जसं लॉगबुक असतं तशी त्याने जाड पुठ्ठ्याची वही केली आहे. दुखणं काय, इलाज काय, आणि शेवटचा रकाना, चूक कुणाची. काम झालं की चहा पितो, दाराबाहेर येतो आणि जिन्यात उभा राहून ते पान मोठ्याने वाचतो. बोटीवर इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ऐकू जातं.

दुसऱ्या मजल्यावरचे शिंदे सर. दादरहून इथे राहायला आले, शाळेतून रिटायर झाले. त्यांचा कम्प्युटर तापून बंद पडायचा. बस्त्यावने पाच दिवस लावले आणि जिन्यात वाचलं, "दुखणं, ताप. इलाज, टेबलक्लॉथ काढला. चूक, शिंदे सर, बी.ए., बी.एड." सरांनी चालू मशीनवर बाईंनी विणलेलं कापड घातलं होतं, धूळ बसू नये म्हणून. डिग्री कशाला वाचली विचारलं तर म्हणाला, "शिकलेल्या माणसाची चूक शिकलेली लिवायला लागते."

माझ्या समोरच्या जिग्नाबेन. त्यांच्या प्रिंटरमधून बडीशेप निघाली. "चूक, मुखवास." जिग्नाबेन आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांचा माउस बिघडला आणि बोलल्या.

स्वतःची चूक मात्र या माणसाने कधी मानली नाही. एकदा बस चुकीच्या थांब्यावर उतरून भर उन्हात दोन थांबे चालत आला. घामाने निथळत होता. मी म्हटलं, "चुकलास ना?" म्हणाला, "स्टॉप चुकीच्या जागी हाय." चर्चमध्ये कबुलीला जातो, तिथेही फादरना म्हणे सांगून आला, "पाप हाय, फादर. चूक न्हाय."

असा हा माणूस. आता माझ्या घरचं सांगतो.

माझी बायको शेवंता वर्षापूर्वी गेली. मुलगी सुजाता मस्कतला नर्स आहे. विमान मिळून ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. आमच्या बौद्ध लोकांत वर्ष झालं की पुण्यानुमोदन ठेवतात. बौद्धाचार्य येतात, वंदना होते, चार माणसं गेलेल्याची आठवण सांगतात, जेवण होतं. सुजाताला सुट्टी मिळाली नाही. ती म्हणाली, "बाबा, मी आईच्या कम्प्युटरवरून बघणार. सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

माझ्याकडे बटणाचा फोन. भाच्याकडे मोठा फोन आहे, पण तो धरायला दिला की दर दोन मिनिटांनी स्वतःचंच तोंड दाखवतो. आणि खरं सांगायचं तर मलाही शेवंताचाच कम्प्युटर पाहिजे होता. दर रविवारी ती त्याच्यासमोर बसून पोरीशी बोलायची. तिने तो दोन वर्षांपूर्वी घेतला, बस्त्यावनेच बसवून दिला. मागे वायफायची एक काडी लावलेली आहे, करंगळीच्या पेराएवढी. ती काडी दाराजवळच्या डब्यातून हवेतून नेट ओढते.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला. आधीच्या सोमवारी भाच्याला बोलावून सुजाताला लावायला सांगितलं. दोन मिनिटांत पडदा निळा. वर एक रडकं तोंड. घरात एक रडकं तोंड होतंच, त्यात ही भर. परत लावला, परत तेच. भाचा म्हणाला, "मामा, हा गेला." मी त्याला घराबाहेर काढलं आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो.

बस्त्याव आला. घड्याळ काढून खिशात ठेवलं. मग खिडकीच्या गजाला हात लावून क्षणभर उभा राहिला. अंगातली वीज उतरवायला तसं करतात. शेवंता समजायची, तो नमस्कार करतोय, म्हणून तीही मागे हात जोडून उभी राहायची.

मी म्हटलं, "रविवारच्या आत झालं पाहिजे."

"आधी बघायचं, मग हात लावायचा," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

सोमवार मशीन मारण्यात गेला. सहा वेळा मारलं. मंगळवारी त्याने काडी काढून ठेवली. कम्प्युटर दिवसभर ठणठणीत चालला. काडी लावली, दोन मिनिटांत निळा. मी म्हटलं, "मग काडी खराब. नवीन आणू."

"काडी खराब हाय ह्ये कुणी सांगितलं?" ती काडी घेऊन तो शिंदे सरांकडे गेला, त्यांच्या मशीनला लावून तासभर बसला. सर म्हणाले, "या, कापड काढूनच ठेवलंय." काडी तिथे झकास चालली. तो परत आला. "काडी चांगली. मशीन चांगलं. दोघांच्या मधला माणूस बिघडलाय."

"मधला माणूस कोण?"

"ड्रायव्हर. काडीची भाषा मशीनला कळत न्हाय, मशीनची काडीला. मधे दुभाषा लागतो. तो मशीनच्या आत असतो. दुभाषा अर्धवट बोलला की दोघांची मारामारी. मशीन बोलतं, जा, मी दुकान बंद करतो."

हे मला कळलं. आमच्या पंपावर एक इंजिनिअर असाच होता.

मी म्हटलं, "तरी पण दुसरी काडी घेऊ. त्या काडीचा दुभाषा वेगळा येईल ना?"

यावर तो चिडून बोलून गेला, "बायको आजारी पडली तर इलाज करशील का दुसरी करशील?"

त्याने कपातला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, मग रिकामा कपही तोंडाला लावला. माफी मागितली नाही. मला अपेक्षा नव्हती.

बुधवारी त्याने तो ड्रायव्हर काढून टाकला. मशीन बंद करून चालू केलं, तर तोच ड्रायव्हर आपोआप परत येऊन बसला. परत काढला, परत आला. "नको असलेल्या पाव्हण्यासारखा हाय," बस्त्याव म्हणाला. मी म्हटलं, "एकदम दोन-चार इलाज करून टाक की." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवीच दिली. "एका टायमाला एक. चार इलाज केले आणि बरा झाला, तर कशानं बरा झाला ते कोण सांगणार? तुझा भाचा?"

गुरुवारी माझा धीर सुटला. सुजाताचा फोन आला, "बाबा, होईल ना?" मी सांगितलं, "होईल." फोन ठेवला आणि बस्त्यावला म्हणालो, "नाही झालं तर पोरीला काय सांगू? एकदा चुकलं तिचं यायचं. दुसऱ्यांदा चुकवू?"

"रविवारी तुझी मुलगी ह्या पडद्यावर दिसणार," तो म्हणाला. "मी बोलतोय म्हणजे दिसणार."

शुक्रवारी दुपारी त्याने मशीनच्या आतली एक यादी काढली. कम्प्युटर कधी चालू झाला, कधी बंद झाला, कसा बंद झाला, सगळं तो स्वतःच लिहून ठेवतो म्हणे. बस्त्याव पडद्यावर बोट ठेवून वाचत खाली खाली गेला. अर्धा तास.

मग मान न वळवता त्याने विचारलं, "जाधवा, तू ह्यो रोज लावतोस?"

"लावतो. संध्याकाळी सातला. गेल्या रविवारपर्यंत ठणठणीत चालायचा."

"काय करतोस?"

"काय करणार? मला काय येतंय त्यातलं? पडद्यावर तिचा फोटो आहे, सुजाताने लावलेला. चहा पिऊन संपेपर्यंत बघतो. मग बंद करतो."

"कसा बंद करतोस?"

"मेनने." मी भिंतीवरचं बटण दाखवलं. "चालू करायचं तिने शिकवलं होतं. बंद तीच करायची. काम झालं की मेन पाडायचा, चाळीस वर्षांची सवय आहे."

बस्त्याव त्या बटणाकडे बघत राहिला. मग परत यादीकडे. मग पडद्यावरची यादी बाजूला सरली आणि मागे शेवंता दिसली, हिरव्या साडीत, सुजाताच्या लग्नातली. त्याने वही काढली, दोन ओळी लिहिल्या, आणि पहिल्यांदाच मला न दाखवता मिटली.

"काय झालं?" मी विचारलं.

"सापडलं," म्हणाला. "उद्या येतो." चहा अर्धा टाकून गेला.

शनिवारी सकाळी घरून एक पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यावर माझ्या फ्लॅटचा नंबर चिकटवलेला होता. बिल्डिंगीतला जो जो कम्प्युटर त्याच्या हाताखालून गेला, त्याचा पहिला, चांगला ड्रायव्हर त्याने असा जपून ठेवला आहे. आमच्या मशीनचाही होता. त्याने आधी मशीनला ताकीद दिली, की आपल्या मनाने नेटवरून ड्रायव्हर आणायचा नाही. मग बिघडलेला मुळासकट काढला. जुना बसवला. काडी लावली.

दोन मिनिटं झाली. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. पाच झाली. दहा. अर्ध्या तासाने मी म्हटलं, "आता श्वास घेऊ का?" तो म्हणाला, "घे, पण हळू."

सुजाताला लावलं. ती ड्युटीवर होती, टोपी-बिपी घातलेली, तशीच पडद्यावर आली. "बाबा! दिसताय!" एवढंच बोलली आणि तोंड फिरवलं. दोन मिनिटांत तिला परत वॉर्डात जायचं होतं.

आता जिन्यातलं वाचन. बातमी पसरली होती. शिंदे सर खास खाली उतरून आले, चष्मा पुसून. जिग्नाबेन दारात उभ्या, "अब जाधवभाई की बारी." आजवर ज्यांच्या ज्यांच्या नावाने वाचन झालं होतं, ते सगळे माझं ऐकायला हजर. मीही तयार होतो. म्हटलं, वाचू दे काय ते.

बस्त्यावने वही उघडली. घसा साफ केला.

"दुखणं, वायरलेसचा ड्रायव्हर अर्धवट. इलाज, जुना ड्रायव्हर बसवला. चूक..." तो थांबला. "चूक, बस्त्याव डिमेलो. दोन वर्षांमागं बसवताना नीट बसवला न्हाय."

मग शिंदे सरांना असा काही आनंद झाला, की त्यांनी कठड्यावर टाळी मारली. "सापडलात, डिमेलो! शेवटी सापडलात! आणि डिग्री? डिग्री वाचा की!"

"डिग्री न्हाय," बस्त्याव म्हणाला. "लिवलं असतं."

जिग्नाबेन हसून हसून दाराला टेकल्या. आणि मी? मी कशाला मागे राहतोय! "म्हणजे आठवडाभर माझा जीव टांगणीला लावलास, आणि चूक तुझीच होती होय रे? पोरीला काय तोंड दाखवलं असतं मी?" सगळ्यांसमोर बोललो. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, बरं झालं, एकदा तरी कळलं याला कसं लागतं ते.

रविवारी अकराला सुजाता पडद्यावर आली. पांढरी साडी नेसून बसली होती. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, ती तिकडून म्हणत होती. इथले लोक थांबले तरी तिचा आवाज जरा मागून यायचा, त्यामुळे प्रत्येक ओळीचा शेवट तीच करत होती. शेवंताच्या बचतगटातल्या बाया बोलल्या. मी बोलणार नव्हतो, तरी दोन वाक्यं बोललो. बस्त्याव दाराजवळ, नेटच्या डब्याशी उभा होता. दीड तास त्याने त्या डब्यावरच्या हिरव्या दिव्यावरून नजर काढली नाही. कुणी बस म्हटलं तरी बसला नाही. मशीन एकदाही निळं झालं नाही.

जेवणं झाली. माणसं गेली. सुजाता शेवटी म्हणाली, "बाबा, आता ठेवते. आई गेल्यापासून आज पहिल्यांदा मी घरी आल्यासारखं वाटलं." आणि गेली.

मी उठून सवयीने भिंतीकडे हात नेला.

"थांब," बस्त्याव म्हणाला. "आजपासून असा करायचा." त्याने माझा हात माउसवर ठेवला. "हितं दाबायचं. मग हितं. आता सोड. तो आतलं आवरतोय. त्याला आवरू दे. हातात काम असताना मेन पाडला, तर जे काम चाललंय ते अर्धं ऱ्हातं. पडदा काळा झाला? आता पाड मेन."

मी पाडला. पण हात बटणावरच राहिला.

मी अडाणी असेन, मूर्ख नाही. पंपावर नवीन आलेल्या पोरांना मी पहिला धडा हाच द्यायचो. आधी व्हॉल्व्ह बंद, मग पंप, मग मेन. भरल्या लाइनीवर मेन पाडलास तर पाणी उलटं मारेल आणि पाइप फाटेल. चाळीस वर्षं मी एक पाइप फाटू दिला नाही. आणि इथे वर्षभर, रोज संध्याकाळी, तो बिचारा नेटवरून नवा ड्रायव्हर आणून बसवायला घ्यायचा, आणि चहा संपला की मी त्याचा मेन पाडायचो. शेवंताच्या कम्प्युटरचा. माझ्या हाताने.

"बस्त्याव," मी म्हटलं, "वही दे इकडे."

"वही माझी हाय."

"शुक्रवारी काय लिहिलं होतंस?"

"शुक्रवारचं पान फाटलं."

"चूक माझी होती."

त्याने वही काखेत घट्ट धरली. मग काळ्या पडद्याकडे बघून म्हणाला, "जाधवा, तुला रोज हिच्यासमोर बसायचं हाय. माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. मला वर घरी विचारणारं कोण न्हाय."

चपला घालून तो बाहेर पडला. जिन्यात शिंदे सर वाटच बघत होते. "काय डिमेलो, आता तरी नीट बसवलात ना? की परत दोन वर्षांनी?"

"नीट बसवलाय, सर," बस्त्यावचा आवाज आला. "चुकलो होतो मागं."

मी दारात उभा होतो. तोंड आवरणं मला जन्मात जमलं नाही. पंपावर साहेबांना बोललो, सोयऱ्यांना बोललो, शेवंताला तर रोज बोललो. त्या दिवशी मात्र तोंड उघडेना. त्याने ज्यासाठी एवढं केलं, ते दोन शब्दांत मोडून टाकायचा धीर झाला नाही. तो गुडघ्यावर हात टेकत एकेक पायरी चढत गेला, वर दाराची कडी वाजली, आणि मी तसाच उभा.

तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितोय. बस्त्याव चिडेल. चिडू दे. बिल्डिंगीत अजून लोक त्याला विचारतात, काय अंकल, घट्ट बसवला ना? आणि तो हो म्हणतो.

शिंदे सर, तुम्ही छापलेलं सगळं वाचता. हेही वाचा. आणि पुढच्या वेळी जिन्यात कुणाला काही म्हणायचं असेल, तर एक मजला खाली या. जाधव, चौथी पास. दार उघडंच असतं.